गालात धरलेली जीभ

आमच्या भागात कॅन्सरच्या रेडिएशनला लोक ‘शेक’ म्हणतात. गोंदिया शहरात हिंदीतून ‘सिकाई’. खरं म्हणजे रेडिएशनमध्ये शेकत काहीच नाही. रुग्ण आत जातो, थोडा वेळ पडून राहतो, बाहेर येतो. गरम की थंड हेही त्याला कळत नाही. त्यामुळे नवं शतक लागायच्या जरा आधी आमच्या रुग्णालयात खरोखर गरम करणारं यंत्र आलं, तेव्हा त्याला काय म्हणायचं हा प्रश्नच पडला. तो रुग्णांनीच सोडवला. एक आजोबा आपल्या बायकोला समजावत होते, “थो खोटा शेक होता. हा खरा शेक होय.”

मी त्या खऱ्या शेकाची सिस्टर. घर आमगावला, नोकरी गोंदियाला, रोज रेल्वेनं जाणं-येणं. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली होती. यंत्र आलं तसं डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, “तुम्हाला माणसाशेजारी तासभर गप्प बसता येतं का?” मी म्हटलं, “बोलायची सवय आहे, पण बसेन.” तेवढ्यावर माझी नेमणूक झाली.

बाहेरच्या माणसाला हे काम सांगायचं तर असं. आपल्याला ताप येतो तो साऱ्या अंगाला येतो. इथं फक्त गाठीला ताप आणायचा. तापलेली गाठ दुबळी होते आणि रेडिएशन तिच्यावर चांगलं लागू पडतं. गाठीच्या दोन बाजूंना दोन गोल पाट्या लावायच्या, त्यांच्यातून रेडिओच्या लहरी सोडायच्या. पाटी आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याची मऊ पिशवी असते, तिच्यात गार पाणी खेळत राहतं, म्हणजे आत गरम होतं आणि वरून भाजत नाही. लहरी बाहेर जाऊ नयेत म्हणून खोलीला सगळीकडून तांब्याची जाळी. आम्ही दारालगत काचेमागे यंत्रापाशी बसायचो. रुग्णाला लावलेल्या बारीक तारांवरून आतली उष्णता कळायची. हे सगळं तासभर, आठवड्यातून दोनदा.

अडचण अशी की तारा एकदोन जागीच लावता येतात, आणि उष्णता कुठं साठेल याचा नेम नाही. बरगडीच्या कडेला साठते, काखेच्या घडीत साठते, जुन्या टाक्यांच्या रेघेवर साठते. तिथं काय चाललंय हे फक्त रुग्णच सांगू शकतो. आणि त्यानं सांगेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. एकदा चटका बसला की माणूस आखडतो, पाटी सरकते, जोर कमी करावा लागतो, गाठ निवते, सगळा तास वाया. शिवाय भाजल्याच्या भीतीनं तो पुढच्या वेळी येतच नाही. डॉक्टर म्हणायचे, “सिस्टर, त्यांना दुखायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे.” माझी खरी नोकरी ती होती. दुखणं यायच्या आधी ओळखणं.

सुरुवातीला आम्ही पुस्तकात होतं तसं विचारायचो. एकापासून दहापर्यंत किती दुखतं, आकडा सांगा. सालेकशाच्या जंगलाकडून एक म्हातारी आली होती. आयुष्यभर मे महिन्यात तेंदूची पानं तोडलेली, मोहफुलं वेचलेली. मांडीवर गाठ होती. मी विचारलं, “आजी, एक ते दहा, किती?”

 ती म्हणाली, “तुले कोणता पाहिजे थो सांग माय, थो लिहून टाक.”

“तसं नाही आजी. गरम वाटतं का?”

“गरम तं आहे. पण इतकं तं आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळीच राह्यते.”

त्या दिवसापासून मी आकडे विचारणं सोडलं आणि पाय बघायला लागले. बहुतेक माणसांचं दुखणं पहिल्यांदा पायाच्या बोटांत दिसतं. तोंड हसत असतं, आणि अंगठा मात्र वर उचललेला असतो. कपाळावर घाम कुठल्या बाजूला येतो, श्वास छातीतून चालला आहे की पोटातून, मुठी कशा वळल्या आहेत, हे बघत बघत माझा अंदाज बसत गेला. पुष्कळदा असंही निघायचं की उष्णतेचा त्रास नाहीच, कंबर आखडली आहे. गुडघ्याखाली एक उशी सरकवली की माणूस सुटायचा.

अंदाज चुकलेही. गोंदियाचे एक किराणा सेठ होते. पाट्या लावून मी दार लावलं आणि यंत्रापाशी बसते न बसते तोच आतून ओरडले, “सिस्टर, थोड़ा कम करो ना, जल रहा है!” मी काचेमागून म्हटलं, “सेठजी, अभी चालू भी नहीं किया.” ते म्हणाले, “तो चालू करो ना, इतनी देर क्यों?” नंतर तेच सेठ तासभर शांत पडून राहत. त्यांचं दुखणं यंत्र सुरू व्हायच्या आधीच संपायचं.

उलटंही झालं. इटियाडोह धरणावर मासेमारी करणारा एक ढिवर होता, मानेत गाठ, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंड आखडलेलं. मध्येच त्याचा श्वास थांबला. पायाची बोटं थरथरायला लागली. मी घाबरून यंत्र बंद केलं, दार उघडून आत पळाले. त्यानं डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “काऊन बंद केली बाई? मस्त झोप लागून राह्यली होती.” स्वप्नात तो जाळं सोडवायला पाण्याखाली गेला होता.

पण मला सांगायची आहे ती रेवंताबाईंची गोष्ट.

रेवंताबाई इटियाडोहच्या कालव्याखालच्या गावच्या, कोहळी शेतकऱ्यांच्या घरातल्या. स्तनाचं ऑपरेशन होऊन, रेडिएशन घेऊन काही वर्षं बऱ्या होत्या. मग त्याच जागी छातीवर पुन्हा गाठी उगवल्या, एके ठिकाणी फुटल्या. जखमेला वास यायचा. त्या वासामुळे त्या घरात सगळ्यांच्या शेवटी आणि एकट्याच जेवत, हे मला नंतर कळलं. एकदा रेडिएशन झालेल्या जागी पुन्हा पुरं रेडिएशन देता येत नाही. थोडं रेडिएशन आणि सोबत आमचा शेक, एवढीच वाट उरली होती.

त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी जाऊ यायची, कौतिकाबाई. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसत. पहिल्याच दिवशी कौतिकाबाई मला म्हणाली, “तिले सांगा, पाणी पिऊन घे मून.”

मी वळून रेवंताबाईंना सांगायच्या आत त्या म्हणाल्या, “तिले सांगा, माही मले समजते.”

माझं टपाल खातं असं सुरू झालं. काही दिवसांनी चहा घेताना मी कौतिकाबाईला विचारलं, “बोलत नाही, तर मग येता कशाला?”

“येणारं कोण आहे दुसरं? भासरे, म्हंजे तिचे मालक, तपासणीच्याच दिवशी इथं भोवळ येऊन पडले. पोरगी बालाघाटाकडे देली, तिचं लेकरू लहान. मग मी आली.” ती बशीत फुंकर घालत म्हणाली, “बोलाचं थोडीच होतं? आणाचंच तं होतं.”

भांडणाचं कारण पऱ्हा. धानाची रोपं आधी एका तुकड्यात दाट पेरतात, मग उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, रोवतात. त्या रोपांना आमच्याकडे पऱ्हा म्हणतात. एका वर्षी रेवंताबाईंची म्हैस सुटली आणि रातोरात कौतिकाबाईचा सगळा पऱ्हा खाऊन गेली. म्हैस मुद्दाम सोडली, असं एकीनं म्हटलं. त्यावर दुसरीनं जे म्हटलं ते दोघींनीही मला कधी सांगितलं नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

आमच्या खोलीत जायच्या आधी अंगावरचा सगळा धातू काढावा लागतो. मंगळसूत्र, जोडवी, नाकातला खडा, सगळं. यंत्राच्या पुस्तकात रुग्णाच्या त्रासाची मोठी यादी होती, पण बाईला जोडवी काढताना काय होतं ते तिथं नव्हतं. मी हळदीत भिजवलेला दोरा ठेवत असे. गळ्यात बांधला की बायकांचा जीव जरा खाली यायचा. रेवंताबाईंनी दोरा बांधून घेतला, पण काढलेलं मंगळसूत्र माझ्या हातात दिलं नाही. जावेकडे न बघताच हात तिच्या दिशेनं लांब केला. कौतिकाबाईनं ते घेतलं आणि पदराच्या टोकाला बांधलं.

पहिला शेक बरा गेला. दुसऱ्या शेकाला मी तासभर काचेतून बघत होते. पाय सैल, कपाळ कोरडं, श्वास संथ. मधून मधून विचारत होते, “रेवंताबाई, ठीक?” त्या म्हणायच्या, “चालू द्या.” तारांवरची उष्णताही हवी तेवढीच. यंत्र बंद करून पाटी काढली, तर काखेखाली बरगडीच्या कडेला कातडी लालभडक, मधोमध पाण्याचा फोड.

ऑपरेशननं तिथल्या काही शिरा बधिर झाल्या असणार, असं मला आधी वाटलं. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यानं तपासलं. जागा बधिर नव्हती. त्यांना सगळं कळलं होतं.

“सांगितलं का नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

रेवंताबाई छताकडे बघत म्हणाल्या, “सांगतलं असतं तं तुम्ही बंद केलं असतं.”

“बंद नाही, कमी केलं असतं.”

“कमीनं बरं होईल का?”

डॉक्टर त्यांच्याशेजारी बसले. फोड फुटून जखम झाली तर शेक पूर्णच थांबवावा लागेल, हे त्यांनी हळूहळू, दोन-तीनदा समजावून सांगितलं. रेवंताबाईंनी मान हलवली. पण मी इतकी वर्षं बायका बघितल्या होत्या. ती मान ‘समजलं’ म्हणणारी होती, ‘सांगेन’ म्हणणारी नव्हती.

फोड सुकल्यावर पुढचा शेक ठरला. मी घाबरलेली होते, हे कबूल करायला हरकत नाही. माझी सगळी चिन्हं या बाईपुढे निकामी होती. बाहेर बसून कंटाळलेली कौतिकाबाई उठून माझ्यामागे काचेपाशी येऊन उभी राहिली. यंत्र चढत होतं. रेवंताबाई दगडासारख्या स्थिर.

“आता झोंबून राह्यलं तिले,” कौतिकाबाई म्हणाली.

“कशावरून?”

“जीभ गालात धरली पाहा.”

मी निरखून पाहिलं. उजव्या गालावर सुपारीएवढा उंचवटा आला होता. चेहऱ्यावर बाकी काही नाही.

“भांडणात असंच करे,” ती म्हणाली. “मी इकडून बोलत राहो, अन् थे गालात जीभ धरून उभी राहे. लोक म्हणत, किती शांत बाई आहे. मले मालूम राहे, आतून पेटली आहे मून.”

मी जोर उतरवला, आत गेले, काखेपाशी हात घातला. पिशवीला तिथं एक घडी पडली होती आणि पाणी खेळत नव्हतं. घडी सरळ केली. “आता कसं वाटतं?” मी विचारलं. रेवंताबाईंनी उलट मलाच विचारलं,

“तुमाले कोणी सांगतलं?”

मी काचेकडे बोट केलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. पण गाल सपाट झाला होता.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले, मग म्हणाले, “काचेतून कशाला, आतच बसू द्या त्यांना.” त्यांनी स्वतः मोजमाप घेऊन यंत्रापासून सुरक्षित अंतरावर, पायथ्याशी एक लाकडी स्टूल ठेवलं. एकच अट. आत बसणाऱ्या बाईच्या अंगावरही धातू नको.

पुढच्या वेळी कौतिकाबाईनं बाकावर बसून साबणाचं पाणी लावून जोडवी ओढायला सुरुवात केली. लग्नात घातलेली, बोटात रुतलेली. निघेनात. बोट लाल झालं. रेवंताबाई गळ्यात दोरा बांधून दारात उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “राहू दे व. भाऊजी रागावतीन.”

कौतिकाबाईनं मान वर केली नाही. “रागावू दे,” ती म्हणाली आणि जोडवं ओढून काढलं.

एवढंच. पण म्हशीनं पऱ्हा खाल्ल्यापासून त्या दोघींमध्ये झालेलं ते पहिलं बोलणं होतं. मी दुसरा दोरा हळदीत बुडवला.

त्यानंतरचे शेक मला जन्मभर आठवतील. कौतिकाबाई पायथ्याशी बसून जावेच्या तोंडाकडे टक लावायची. आधी आधी ती “आता” म्हणायची आणि मी जोर उतरवायची. मग ती “आता होईल” म्हणायला लागली, आणि खरंच थोड्याच वेळात तारेवरची उष्णता वर सरकायची. तिला ते कसं कळायचं, हे तिलाही सांगता येत नसे. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, “भांडणाच्या आधी घरात जसं कळते, तसं.”

तासभर नुसतं बघत कोण राहील? हळूहळू आतून आवाज यायला लागले. रोवणी कुठवर आली, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कालव्याला पाणी कधी सुटणार. एका दिवशी मी यंत्रावर लक्ष ठेवून होते आणि कानावर आलं,

“थे म्हैस मी सोडली नव्हती.”

“मालूम आहे मले.”

“मालूम होतं तं तसं बोलली काऊन?”

“राग आला होता ना व. साल गेलं असतं आमचं.”

“मंग नंतर काऊन नाही सांगतलं?”

“सांगाले येऊन राह्यली होती एकदा. तू गालात जीभ धरून उभी होती.”

आत इतकं हसू फुटलं की पाटी सरकली, उष्णता खाली आली आणि मला दार उघडून दोघींना रागवावं लागलं. रागावताना मलाही हसू आवरेना.

शेक पुरे झाले. जखम सुकली, गाठी बसल्या. वास गेला. तपासणीला आल्या तेव्हा रेवंताबाईंनी मला सांगितलं की आता त्या कौतिकाबाईच्या चुलीपाशीच जेवतात, तिच्या हाताला चव आहे. कौतिकाबाई लगेच म्हणाली, “घरी कधी म्हणत नाही असं.”

त्यानंतर मी प्रत्येक रुग्णाच्या सोबत्याला एक प्रश्न विचारायला लागले. दुखणं लपवायचं असलं की तुमचं माणूस काय करतं? उत्तरं मोठी गमतीची यायची. एका मुलानं सांगितलं, बाबा खाकरतात. एक बाई म्हणाली, हे दुखलं की पंख्याकडे बघतात. एक सून म्हणाली, सासूबाई देवाचं नाव घेतात पण मोठ्यानं, खऱ्या नामस्मरणात आवाज बारीक असतो. आणि कितीतरी नवरे प्रश्न ऐकून बायकोकडेच बघायला लागले. एवढा संसार करून त्यांना सांगता येईना. त्यांना वाईट वाटायचं, मग मी म्हणायची, राहू द्या, आज बघून ठेवा. हळहळ वाटते ती ज्यांच्याबरोबर कोणीच नसे त्यांची. त्यांच्याबाबतीत मी माझ्या अंदाजावर चालले. पुष्कळदा बरोबर आला, काहींना चटके बसले. पुढं यंत्राचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि तो विभागच बंद पडला, पण ती फार नंतरची गोष्ट.

रेवंताबाई पुढं काही वर्षं चांगल्या राहिल्या. नातीच्या बारशाला होत्या, जावेच्या मुलाच्या लग्नाला होत्या. मग आजार फुफ्फुसात उतरला. आता शेकाचा उपयोग नव्हता. दुखणं थांबवायच्या गोळ्या तेवढ्या द्यायच्या होत्या. त्या घ्यायला कौतिकाबाई एकटी यायची. डॉक्टरांपुढं बसून सांगायची, पहाटे कुशीवर वळताना दुखते, बोलत नाही पण दुखते, दुपारी बरी राहते. डॉक्टर ते ऐकून गोळ्यांची वेळ पुढंमागं करायचे.

एका रविवारी मी त्यांच्या गावी गेले. रेवंताबाई ओसरीत बाजेवर होत्या, फार वाळलेल्या. मला बघून म्हणाल्या, “परवा हिच्याशी भांडून पाह्यलं सिस्टर. जमलंच नाही. मधातच हसू आलं.” कौतिकाबाई त्यांचे पाय दाबत होती. ती म्हणाली, “खोकला आला होता, हसू नाही.” त्यावर दोघींचा थोडा वाद झाला. मी चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले. नंतरच्या महिन्यात रेवंताबाई गेल्या. झोपेत, पहाटे, कौतिकाबाई शेजारी असताना.

दिवस-पाणी झाल्यावर कौतिकाबाई उरलेल्या गोळ्या परत करायला रुग्णालयात आली. त्या गोळ्या घरात ठेवायच्या नसतात, हे तिला सांगितलेलं होतं. गोळ्या देऊन ती जाईल असं मला वाटलं. पण ती माझ्याबरोबर खऱ्या शेकाच्या खोलीकडे आली आणि काचेपाशी थांबली. आत तिरोड्याकडची एक तरुण मुलगी होती, पहिलाच शेक. पाट्या लावून झाल्या होत्या. मुलगी छताकडे बघत होती.

“तिच्या संगं कोण आहे?” कौतिकाबाईनं विचारलं.

“कोणी नाही. भाऊ सोडून गेला, त्याला गाडी होती.”

तिनं पायथ्याशी ठेवलेल्या रिकाम्या स्टुलाकडे बोट केलं.

“मी बसू का?”

 लगेच पुढं म्हणाली, “मले तिचं काही समजणार नाही, थे आधीच सांगून देतो. पण बसून तं राहीन.”

मी आत जाऊन मुलीला विचारलं. ती म्हणाली, “चालेल.” कौतिकाबाईला सगळे नियम ठाऊक होते. हात धुऊन, अंगावरचा धातू काढून ठेवून ती आत गेली, स्टुलावर बसली, स्टूल जरा पुढं ओढू पाहिलं, मग माझ्याकडे बघून पुन्हा मागं नेलं.

“गाव कोणतं व माय तुहं?” तिनं विचारलं.

मुलीनं छतावरची नजर काढून तिच्याकडे वळवली. मी दार लावलं आणि यंत्र सुरू केलं.